खेळांतील नोत्र-दाम : साधार व कल्पित

युबिसॉफ्ट कंपनीनें इ. स. २०१४ त प्रसिद्ध केलेल्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या व्हिडिओ गेममध्यें फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळचें पॅरिस उभें केलें आहे. त्यांतील नोत्र-दाम कॅथेड्रलच्या रचनेस कॅरोलाइन मियूस या कलावतीनें सुमारें दोन वर्षें वेचलीं. इतक्या श्रमाच्या कृतीस ऐतिहासिक साधनाची कसोटी लावणें हा तिचा सन्मानच होय.

प्रथम रचनेची रीत ध्यानांत घ्यावी. असल्या खेळाचें स्थळ बांधतांना आरंभीं नक्षी व रंग कांहीं नसतात. साधे ठोकळे मांडून भिंती, गच्च्या व वाटा आंखतात. खेळणाराचें पात्र किती उंच उडी घेईल, कोठें हात धरील, दुरून कोणती खूण पाहून मार्ग ओळखील, यांवर अंतरें ठरतात. दगडाचें रूप मागाहून चढतें. म्हणजे सांगाडा ठरवितांना पुराव्याइतकाच खेळणाराच्या सोयीचाही अधिकार चालतो.

येथेंच आमचा आक्षेप आहे. कथानकाचा मुख्य भाग इ. स. १७८९ ते १७९४ मधील. नोत्र-दामचा मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरविला गेला; जगास परिचित असलेला मनोरा व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाचा, व तो इ. स. १८५९ त पुरा झाला. खेळांत मात्र तोच दिसतो. त्यावांचून वास्तूची ओळख चटकन पटली नसती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु डोळ्यांसमोरच्या दगडांत साधार कोणतें व कल्पित कोणतें, हा भेद दिसत नाहीं. पोथीच्या त्रुटित जागीं संपादक अक्षरें सुचवितो तीं कंसांत घालतो. कंस गाळला कीं त्याची कल्पना मूळ लेखकाच्या नांवावर चढते.

हा भेद गौण नव्हे. १५ एप्रिल २०१९ रोजीं आगींत तो मनोरा कोसळला, तेव्हां याच खेळाच्या आधारें जीर्णोद्धार करावा अशी चर्चा उठली. प्रत्यक्ष कामास ज्या साधनांचा आधार मिळाला, त्यांत कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनीं लेसर किरणांनीं घेतलेलीं मापें होतीं.

कंस घालणें अशक्य नाहीं. याच कंपनीनें इ. स. २०१८ त ‘ओरिजिन्स’ या खेळास प्राचीन इजिप्तची शैक्षणिक फेरी जोडली. तींत शाळेंत मुलामुलींस एकत्र बसविलें तें इतिहासास धरून नाहीं, असें स्पष्ट सांगितलें आहे. आमची सूचना एवढीच कीं, हा विवेक ठोकळ्यांच्या पहिल्या मांडणींतच असावा: साधार ठोकळा एका रंगाचा, कल्पित दुसऱ्या, व तो भेद पाहणारास इच्छेनुसार पाहतां यावा. तसें झाल्यास अशी कृति केवळ रंजक न राहतां संग्राह्य ठरेल.