तलवारींची राणी : चिन्हार्थ की लोकव्युत्पत्ति?

टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पानांपैकी सोळा पाने दरबारी होत. तलवार, पेला, नाणे व दंड अशा चार रंगांत राजा, राणी, स्वार आणि सेवक अशी त्यांची मांडणी असते. या पानांवरील भाष्यग्रंथांतून एक गृहीत सर्वत्र आढळते : चित्रातील तपशील ही चिन्हे होत आणि ती उलगडली की पानाचा अर्थ हाती येतो. तलवारींच्या राणीपुरते हे गृहीत तपासले असता ते टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम चित्र पाहू. आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने १९०९ साली प्रसिद्ध केला. पुढील असंख्य संचांना तोच आदर्श झाला. त्यात ही राणी एका अंगाने दिसते. उजव्या हातात सरळ उभी धरलेली तलवार, मुकुटावर फुलपाखरे, सिंहासनावर फुलपाखरू आणि पंख असलेले बालमुख कोरलेले, झग्यावर ढगांची नक्षी, आकाशात उंच एकच पक्षी. डावा हात पुढे उचललेला आणि रिकामा. वेट यांनी आपल्या ग्रंथात (१९११) या पानाचे अर्थ दिले ते असे : वैधव्य, स्त्रीचे दुःख, वियोग, वंध्यत्व, पान उलटे आल्यास द्वेष आणि कपट. चेहरा कठोर पण दुःखाने निवलेला आहे, असेही ते सांगतात. येथून भाष्यकारांचे काम सोपे होते. एकटा पक्षी म्हणजे एकाकीपण, ढग म्हणजे शोक, फुलपाखरू म्हणजे देह सोडून गेलेला आत्मा.

परंतु कालक्रम याच्या विरुद्ध आहे. आलिएत या आपल्या आडनावाची अक्षरे उलटी मांडून एतेला हे नाव घेतलेल्या पॅरिसच्या भविष्यवेत्त्याने १७८९ च्या सुमारास भविष्यकथनासाठी टॅरोसंच काढला. त्याच्या पानांवर अर्थ छापलेलेच होते, आणि या राणीच्या पानावरील शब्द होता वैधव्य. म्हणजे शब्द स्मिथ यांच्या चित्राहून सुमारे १२० वर्षांनी जुना. त्याहून जुन्या मार्सेय धर्तीच्या पानांवर राणी तलवार उभी धरून बसलेली आहे एवढेच. तेथे ढग नाहीत, पक्षी नाही, फुलपाखरेही नाहीत. अर्थ चित्रातून निघालेला नसून, आधी ठरलेल्या अर्थाला साजेसे वाचन चित्रावर लादले गेले आहे.

भाषाभ्यासकाला हा व्यापार अपरिचित नाही. योगायोग असा की, त्याचे उत्तम उदाहरण नेमका हाच शब्द पुरवितो. ‘विधवा’, लॅटिनमधील ‘विदुआ’ आणि त्यापासून आलेला फ्रेंच ‘व्हव्ह’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. त्या मूळ शब्दात नवऱ्याचा वाचक असा कोणताही घटक नाही. तथापि ‘वि’ हा उपसर्ग वेगळा काढून ‘धव’ म्हणजे पुरुष, त्याचा वियोग झाला ती विधवा, अशी फोड झाली. यास्काने निरुक्तात दिलेल्या पर्यायांत ती आहेच. पुढे ‘धव’ हा पतिवाचक शब्द म्हणून कोशात शिरला आणि ‘सधवा’ही घडला. शब्दाच्या चुकीच्या फोडीतून नवरा जन्मास आला! टॅरोच्या भाष्यकारांनी राणीच्या फुलपाखरांचे नेमके हेच केले आहे.

फुलपाखराचा अर्थ ठरवायचा तर ते आणखी कोठे येते हे पाहणे ही साधी कसोटी होय. त्याच रंगाच्या राजाच्या सिंहासनावरही फुलपाखरे आहेत. राजाला कोणी विधुर म्हटलेले नाही. ‘गोल्डन डॉन’ (स्थापना १८८८) या गूढवादी मंडळाच्या परंपरेत तलवार हे वायुतत्त्व ठरले होते, आणि वेट व स्मिथ दोघेही त्या मंडळात होते. तेव्हा फुलपाखरू ही साऱ्या घराण्याची खूण दिसते, व्यक्तीची नव्हे. फ्रेंच पत्त्यांत तलवारीच्या जागी येणाऱ्या इस्पिकच्या राणीला तर पॅलास हे नाव मिळाले. पॅलास म्हणजे अथीना, अविवाहित देवता. तिला वैधव्य कोठून यावे?

मग या राणीचे स्वतःचे असे काय उरते? चौघी राण्या शेजारी ठेवाव्यात. दंडाच्या राणीच्या दुसऱ्या हातात सूर्यफूल आहे; पेल्याची व नाण्याची राणी आपापली वस्तू दोन्ही हातांनी धरते. रिकामा हात एवढ्या एकीचाच. वेट त्याची नोंद करतात, अर्थ सांगत नाहीत. गोल्डन डॉनच्या हस्तलिखित वर्णनात मात्र या राणीच्या एका हातात तलवार व दुसऱ्यात पुरुषाचे नुकतेच छेदलेले दाढीधारी मस्तक आहे, आणि शिरोभूषणावर पंख असलेले बालमुख. बालमुख स्मिथ यांच्या चित्रात सिंहासनावर उतरले. मस्तक गेले, ते धरणारा हात तसाच उचललेला राहिला, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य राहते, हा पाणिनीचा नियम येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या लोपाचे महत्त्व कमी लेखू नये. मस्तक हाती असता जी संहारक ठरली असती, ती मस्तक काढून घेताच शोकमग्न विधवा म्हणून वाचता येऊ लागली. वंध्यत्व आणि कपट हे विधवेविषयीचे समाजाचे जुने आरोप. चित्राच्या आडोशाने ते चिन्हार्थ म्हणून मिरवितात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भाष्यकार हिला स्वतंत्र, स्पष्टवक्ती, बुद्धिमती म्हणू लागले. हे वाचन अधिक उदार आहे खरे, पण रीत तीच : शब्द बदलला, आणि तेच ढग आता विचारांची स्वच्छता दाखवू लागले. अॅलिस्टर क्रोली यांच्या सांगण्यावरून १९३८ ते १९४३ या काळात फ्रीडा हॅरिस यांनी रंगविलेल्या संचात मस्तक पुन्हा राणीच्या हाती आले. स्मिथ यांच्या राणीचा रिकामा हात मात्र अजून कोणी आशीर्वादाचा म्हणतो, कोणी निषेधाचा.