निकालपत्राची भाषा

आपले समीक्षक कवितेतल्या प्रतिमा सोडवत बसतात. मी म्हणतो, एकदा निकालपत्र वाचा. कोर्टाची भाषा हीसुद्धा भाषाच. तिचीही चिरफाड झाली पाहिजे.

२६ मार्च १९७२. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आईबाप नसलेली, मजुरी करणारी, चौदा-सोळा वर्षांची आदिवासी पोरगी जबाबाला आली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला आत ठेवलं. आत दोन पोलीस. निकालाचं अधिकृत नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. तुकाराम म्हंजे त्यातला एक पोलीस. पण लोकांच्या तोंडी बसलं ते पोरीचं नाव. मी ते इथे लिहीत नाही.

१९७४ साली सेशन कोर्टाने तिला खोटारडी ठरवलं, वर तिला शरीरसंबंधाची सवय होती असंही लिहून ठेवलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं ही संमती नव्हे, एवढं साधं त्यांना कळलं. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, म्हणजे सगळं शांततेत झालं!

मित्रांनो, हा 'शांतता' शब्द नीट बघा. वाड्यापुढून जाताना आपला आजा पायातली वहाण हातात घ्यायचा. त्याच्या अंगावर तरी कुठे वळ होते? मग काय, त्याची संमती होती? गावकुसाबाहेर वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. न्यायमूर्तींना लागतं.

उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने नव्हती असंच धरून चालायचं. तिचं चारित्र्य उकरायची वकिलांची मुभा जायला २००३ उजाडलं. दोन बोटांच्या तपासणीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ताशेरे ओढले, तेच २०२२ साली पुन्हा ओढावे लागले.

कलमं बदलली, बोलणं तसंच राहिलं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एकाच घरातली चार माणसं मारली. मेलेल्या आईने एका मारहाणीची साक्ष दिली होती, ते राहिलं बाजूला. कुजबूज झाली तिच्या चारित्र्याची. आता तीच कुजबूज मोबाईलवर फोटोसकट फिरते.

आणि आपण? आपल्याच वस्तीतल्या पोरीने आपल्याच कार्यकर्त्याचं नाव घेतलं की पहिला सवाल काय येतो? 'एवढ्या रातच्याला गेलीच कशाला?' दुसरा, 'चळवळ बदनाम होईल त्याचं काय?' हे बोलणारे मनुस्मृती दहनाला दरवर्षी पुढे असतात. सेशन कोर्टाच्या त्या निकालात आणि या सवालांत मला फरक दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर त्याने लिहावं.

हे निकालपत्र मराठीत करायला घेतलंय. पुढच्या बैठकीत वाचू. मात्र त्यावर आधी बायका बोलतील, आपण मागून.