एका पालीच्या अध्यापकाचें ‘निवेदन’

आत्मचरित्र लिहिणारा विद्वान् बहुधा आपल्या विद्येचें फळ वाचकांपुढें मांडतो. ती विद्या कोणत्या किंमतीला मिळाली व ती किंमत कोणीं कोणीं दिली, हें दोन वाक्यांत आटोपतो. धर्मानंद कोसंबी यांचें 1924 सालीं प्रसिद्ध झालेलें ‘निवेदन’ या बाबतींत अर्धें अपवादभूत आहे. अर्धें कां, तें पुढें येईलच.

गोंव्यांतील सांखवाळ गांवीं 1876 सालीं जन्मलेला, शाळेचा आधार जवळजवळ न लाभलेला एक मनुष्य पाली भाषेचा अध्यापक होतो, आणि हार्वर्डसारखें विद्यापीठ त्याला ग्रंथसंपादनासाठीं अमेरिकेस बोलावतें, ही हकीकत कोणाही चरित्रकाराला मोहांत पाडील. ग्रंथकार स्वतः मात्र त्या मोहापासून दूर राहिले आहेत. ‘बालबोध’ मासिकांतील बुद्धचरित्रावरील एका लेखानें त्यांच्या मनांत ठिणगी पडली, आणि 1899 च्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी पुढची वाट. काशींत गंगाधरशास्त्र्यांकडे संस्कृत शिकावें आणि अन्नछत्रांत जेवावें, हा क्रम. या भागांत भूक, थंडी, आजार हीं सारीं आहेत. पण त्यांविषयीं लेखक असा बोलतो कीं जणूं शेजारच्या घरची गोष्ट सांगत आहे. करुणरस ओतण्याची एकही संधि त्यानें साधलेली नाहीं. आमच्या इकडील गद्यांत असा संयम विरळा, आणि माझ्या मतें या पुस्तकाची शैली म्हणून जी कांहीं आहे ती हीच होय.

परंतु खरें मर्म पुढें आहे. पाली ही याच भूमींत वाढलेली भाषा. तरी त्या काळीं ती परंपरेनें शिकावयाची तर समुद्र ओलांडून सिंहलद्वीपांत जावें लागे. 1902 सालीं कोसंबी तेथें पोंचले व कोलंबोच्या विद्योदय परिवेणांत सुमंगलाचार्यांचे शिष्य झाले. पालीला स्वतःची अशी लिपि नाहीं. सिंहलांत ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशांत ब्रह्मी लोकांच्या, सयामांत तेथल्या, आणि युरोपीय पंडितांच्या आवृत्त्यांत रोमन अक्षरांत. म्हणजे व्याकरणाच्या आधीं मुळाक्षरें! संस्कृतांत मुरलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या माणसाला पुन्हां पाटीवर बसावयाचें होतें. परदेशगमन म्हटलें कीं आपणांस बॅरिस्टरी आठवते; येथें परदेशगमनाचें फळ काय, तर भिक्षापात्र आणि परक्या वळणाचीं अक्षरें. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरींत स्वतः संपादून त्यांनीं 1940 सालीं भारतीय विद्या भवनाकडून प्रसिद्ध करविला, त्याचें मोल या पार्श्वभूमीवर कळतें. मराठी विद्यार्थ्याला निदान अक्षरांपासून तरी सुरुवात करावी लागूं नये, एवढी सोय त्यानें झाली.

भाषा शिकल्यावर ती शिकवावयाची कोणाला, हा प्रश्न तितकाच बिकट. कलकत्त्यास त्यांची सोय लागली होती. पण महाराष्ट्रांत राहून काम करावें या ओढीनें, सयाजीराव गायकवाडांनीं देऊं केलेले दरमहा 50 रुपये त्यांनीं पत्करले आणि कलकत्त्याची कितीतरी अधिक वेतनाची जागा सोडली. (आम्हां पगारी अध्यापकांस हें प्रकरण जरा अडचणीचेंच वाटतें.) भांडारकरांच्या साहाय्यानें मुंबई विद्यापीठांत पालीचा प्रवेश झाला, 1912 पासून फर्ग्युसन कॉलेजांत कोसंबी ती शिकवूं लागले. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी, हें सांगितलें म्हणजे पुरे.

अमेरिकेचा भाग मला तितका सजीव वाटत नाहीं. वॉरन यांनीं अर्धवट सोडलेल्या ‘विसुद्धिमग्गा’चें संस्करण पुरें करण्यास ते 1910 सालीं गेले, लॅनमन यांच्याशीं मतभेद होऊन 1912 सालीं परतले. दोन संस्कृतींतील दोन पंडित एका पोथीवर वांकून भांडतात, हा प्रसंग केवढा! पण काशीच्या अन्नछत्रांतील पंगत दिसते तशी केंब्रिजची ती खोली दिसत नाहीं. संयम हा गुण खरा. पण जेथें वाचकाला पाहावयाचें असतें तेथें तो पडद्यासारखा आड येतो.

आणि आतां राहिलेला अर्धा भाग. वयाच्या पंधराव्या वर्षीं ज्यांच्याशीं लग्न झालें त्या बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागें ठेवून ग्रंथकार निघाले, ते सुमारें सात वर्षांनीं घरीं परतले. ही गोष्ट ते लपवीत नाहींत. घर सोडतांना झालेली मनाची ओढाताणही सांगतात. पण ती ओढाताण त्यांची. ज्ञानाची किंमत त्यांनीं आपल्या बाजूनें पै न् पै मांडली. दुसऱ्या खात्यावर काय पडलें, याचा हिशेब या पुस्तकांत नाहीं. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा ज्याच्या मनांत घर करून बसली होती, त्याला यशोधरेकडे वळून पाहणें सुचूं नये, याचें नवल वाटतें. कोणी म्हणतील, त्या काळचा पुरुष याहून अधिक काय लिहिणार? परंतु स्वतःविषयीं इतका निर्दय प्रामाणिकपणा दाखविणाऱ्याकडून अधिक मागण्याचा वाचकास हक्क आहे.

1924 नंतरचें आयुष्य अर्थातच या ग्रंथाबाहेर राहिलें: लेनिनग्राडचें अध्यापन, 1930 चा मिठाचा सत्याग्रह व कारावास, परळचा बहुजन विहार, 4 जून 1947 रोजीं सेवाग्राम येथें प्रायोपवेशनानें आलेला शेवट. हार्वर्डचें तें संस्करण निघालें 1950 सालीं. त्यावर वॉरन यांच्या नांवाबरोबर कोसंबींचेंही नांव आहे.