न्याय्य युद्ध आणि विजयानंतरचे दिवस : सुंदरलाल अहवालाचे एक परीक्षण

जुलमी राजवट उलथून टाकण्यासाठी बाहेरील सत्तेने सैन्य धाडावे काय, हा प्रश्न इराक (2003) व लिबिया (2011) येथील पाश्चात्त्य हस्तक्षेपांमुळे पुनश्च ऐरणीवर आला. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील वाचकास त्याच्या उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले व 17 तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. तदनंतर भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांस संस्थानात पाठविले. त्यांचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला व 2013 च्या सुमारास अभ्यासकांस खुला झाला. त्याचे नीतिशास्त्रीय परीक्षण येथे योजिले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धास तीन अटी घातल्या : अधिकृत सत्तेची आज्ञा, न्याय्य कारण व शुद्ध हेतू. हैदराबादने आपली तक्रार सुरक्षा समितीपुढे नेली होती. सबब पहिल्या अटीविषयी कायदेपंडितांत वाद संभवतो. दुसरीविषयी आम्हांस शंका नाही. कासीम रझवी यांच्या रझाकारांनी मांडलेला उच्छाद आणि 1948 च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे झालेला संहार आठवला, म्हणजे निष्क्रियतेचा उपदेश करणे हे वाटेवर जखमी पडलेल्या माणसास टाळून जाण्यासारखेच ठरते.

परंतु अहवालाचा प्रश्न पुढचा आहे. सैन्य आल्यावर व त्यानंतर किमान 27 हजार ते 40 हजार माणसे प्राणास मुकली, असा त्याचा अंदाज. पैकी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत 18 हजारांहून कमी नव्हेत. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सैन्याची शिस्त सामान्यतः चांगली असल्याचे अहवाल मान्य करतो. तथापि काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीत सामील झाल्याचेही नोंदवितो. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांस वाचविल्याची साक्षही त्यात आहे.

अहवालाच्या मर्यादा उघड आहेत. हे मंडळ चौकशी आयोग नव्हते, सद्भावना मंडळ होते. त्याचे आकडे अंदाजाचे आहेत. पण अंदाज निम्मा धरला तरी नैतिक प्रश्न निम्मा होत नाही.

रझाकारांच्या अत्याचारांची ही प्रतिक्रिया होती, असे म्हटले जाते. प्रतिक्रियेने कारण कळते. निर्दोषत्व सिद्ध होत नाही. रझाकाराचा अपराध त्याच्या शेजाऱ्यावर लादणे हा न्याय नव्हे. शिवाय दिल्लीने या मोहिमेस 'पोलीस कारवाई' म्हटले. चोर पकडला म्हणजे पोलिसाचे कर्तव्य संपत नाही. त्याने आळीतील सर्वांचे रक्षण करावयाचे असते. जी सत्ता जुनी राजवट मोडते, ती त्या क्षणापासून तेथील दुर्बलांची राखणदार होते. 2003 च्या एप्रिलमध्ये बगदाद पडल्यावर रुग्णालये व वस्तुसंग्रहालय लुटले जात असता विजेते सैन्य शहरात होते. तेथेही हाच धर्म चुकला.

यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर ही देवाच्या क्रोधाची काठी आहे, आणि त्याच अध्यायात त्या काठीचाही न्याय होतो. ईश्वराने एखाद्याचा उपयोग केला म्हणून तो जाब देण्यातून सुटत नाही. यास्तव आमचा निष्कर्ष असा : हस्तक्षेप क्वचित न्याय्य असू शकतो, 1948 चा तसा होता; परंतु शरणागतीनंतरच्या आठवड्यांचा हिशेब दिल्यावाचून तो न्याय पूर्ण होत नाही.

17 सप्टेंबरला आपल्या मंडळ्यांत मुक्तीबद्दल उपकारस्तुती व्हावी हे उचितच. त्याच प्रार्थनेत गोरट्याच्या मृतांसमवेत, त्या सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्या मुसलमान शेजाऱ्यांचेही स्मरण व्हावे. दोहोंपैकी एकाचेच स्मरण करणारी मंडळी विजेत्यांची होईल, ख्रिस्ताची नव्हे.