क्रीडोपचाराची परिभाषा आणि मुलाची बोली

संवेदनांचे ग्रहण आणि आत्मनियमन यांत अडचण असणाऱ्या मुलांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘क्रीडोपचार’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न विचार एकत्र आलेले आढळतात. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांच्या १९४७ मधील ‘प्ले थेरपी’ या ग्रंथात खेळ हे मुलाच्या आत्माविष्काराचे स्वाभाविक साधन मानले असून, वाट मुलाने दाखवावी व मोठ्याने मागून चालावे, अशी भूमिका आहे. ए. जीन एअर्स यांचा १९७२ मधील ग्रंथ याहून वेगळा. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर शिकण्यात अडथळे येतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. झोका, उडी, ढकलणे, ओढणे ही त्यांची साधने. पहिल्या विचारात खेळ ही मुलाची भाषा ठरते, तर दुसऱ्यात तो शरीराला दिलेला अनुभव असतो. हा भेद पुसला गेला की कोणत्या उपायाने काय साधले, हे सांगता येत नाही.

दुसरा दोष ‘संवेदन-प्रक्रिया विकार’ या संज्ञेचा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असा सल्ला दिला. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ मध्येही त्याला स्वतंत्र स्थान नाही, मात्र संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या लक्षणांत गणला आहे. मुलाचा त्रास खरा आहे. ‘विकार’ हा शब्द मात्र अनिर्णित प्रश्न निर्णीत असल्याचा भास निर्माण करतो. ‘अडचण’ हा साधा शब्द येथे अधिक प्रामाणिक होय.

वस्तुतः या विषयाला लागणारी शब्दसंपत्ती मराठीत विपुल आहे. खरखरीत, बुळबुळीत, गिळगिळीत, चिकट ही स्पर्शाची विशेषणे. दचकणे, शहारणे, अंग चोरणे ही देहाची क्रियापदे. ‘मूल गिळगिळीत वस्तूला हात लावताच अंग चोरते’ हे निरीक्षण झाले. ‘मूल हट्टी आहे’ हा स्वभावावरील निवाडा झाला. उपचारकाच्या नोंदवहीत पहिल्याऐवजी दुसरे वाक्य आले, तर उपचाराची दिशाच चुकते.

जळगाव जामोद तालुक्याचे उदाहरण घेतले की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या भागात वऱ्हाडीच्या जोडीला मुंडा कुलातील कोरकू आणि कोणत्याही ज्ञात कुलात न बसणारी निहाली या भाषा बोलल्या जातात. निहालीवर एफ्. बी. जे. कायपर यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे भाषक आज अवघे दोन-अडीच हजारांच्या आसपास मानले जातात. अशा घरातील मुलाला प्रमाण मराठीत ‘डोळे मीट, आता वाळूत हात घाल’ असे सांगितले आणि ते स्तब्ध राहिले, तर कारणे निदान तीन संभवतात: वाळूचा स्पर्श असह्य असेल, परक्या माणसाची भीती असेल, किंवा वाक्यच समजले नसेल. पहिल्या कारणाची नोंद करण्यापूर्वी तिसरे वगळलेच पाहिजे. त्यासाठी सूचना घरच्या भाषेत देणारी आई वा आजी खेळात सोबत असावी, आणि शब्दाविना केवळ कृती दाखवूनही तोच खेळ पुन्हा खेळून पाहावा.

या दृष्टीने कोसबाडचा अनुभव उद्बोधक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाडला हलविलेले कार्य अनुताई वाघ यांनी पुढे नेले. माँटेसोरींच्या इंद्रियशिक्षणाचे तत्त्व कायम ठेवून महागड्या साधनांच्या जागी तेथे शंख-शिंपले, बिया, खडे आले. हे शिक्षण होते, उपचार नव्हे. त्याला उपचाराची प्रतिष्ठा देणे गैर ठरेल. तथापि साधन परिसरातून घ्यावे, हे तेथे सिद्ध झाले. भाषाही परिसरातूनच घ्यावी, हा त्याचा स्वाभाविक विस्तार होय.

यावर आक्षेप असा घेता येईल की, भाषेची एवढी चिकित्सा करण्यापेक्षा प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञ उपलब्ध करून देणे अधिक निकडीचे आहे. ते निकडीचे आहे, यात शंका नाही. परंतु तो तज्ज्ञ येईल तेव्हा त्याच्यापुढे जी नोंद ठेवली जाईल, ती शब्दांतच असेल. आणि तिच्यातील चुकीच्या शब्दाचा भार मुलालाच वाहावा लागेल.