'सेटल' या शब्दाची हजेरी

इंग्रजीतले काही शब्द मराठीने इतके पचवले आहेत की ते परके वाटतच नाहीत. 'सेटल' हा त्यांपैकी एक. मुलगा पुण्यात सेटल झाला, धाकटीचे लग्न झाले की आम्ही सेटल, नोकरी पर्मनंट झाली की माणूस सेटल. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाला आहे, त्या घरात तर या शब्दाला नवसाचे मोल आहे.

बी.ए.च्या वर्गात एकदा मी हा शब्द वापरून वाक्ये लिहावयास सांगितले. बहुतेकांनी नोकरी, घर, लग्न यांवर लिहिले. एका विद्यार्थ्याने लिहिले, 'माझ्या पणजोबांना सोलापुरात सेटल केले.' मी लाल शाईने 'केले' खोडले आणि वर 'पणजोबा सेटल झाले' असे दुरुस्त केले. तास संपल्यावर तो पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, झाले नाहीत. केले." त्याचा पत्ता सेटलमेंट फ्री कॉलनीचा होता. वाक्य बरोबर होते, दुरुस्ती चूक होती. 'झाले' आणि 'केले' या दोन क्रियापदांमधली ही चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणून तिची चिकित्सा येथे करावीशी वाटते.

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढेच सांगितले तरी पुरते. ते या शहरातल्या एका भागाचे नाव आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याने गुन्हा माणसाला न चिकटवता जमातीला चिकटवला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा जमातींतले मूल जन्मतःच संशयित ठरले. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास, गैरहजर राहिल्यास शिक्षा. अशा माणसांना एका जागी तारेच्या कुंपणात ठेवण्याची जी व्यवस्था, तिला सरकारने तुरुंग म्हटले नाही. तिला 'सेटलमेंट' म्हटले, आणि आत ठेवलेल्यांना कैदी न म्हणता 'सेटलर' म्हटले.

सोलापुरात १८७७ पासून कापडगिरण्या उभ्या राहत गेल्या होत्या. गिरण्यांना हात हवे होते आणि कुंपणात हात होते. सेटलमेंटची माणसे गिरण्यांत राबली. ज्यांच्या 'वर्तना'ची खात्री पटली त्यांना कुंपणाबाहेर जी घरे मिळाली, ती 'फ्री कॉलनी'. हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. बाहेरच्या वस्तीला 'फ्री' म्हणावे लागले, यातच आतली वस्ती काय होती याची सरकारी कबुली आहे.

आता शब्दाच्या मुळाकडे वळू. जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे बसण्याची जागा, बाक. त्यावरून 'सेटल' हे क्रियापद झाले: जागेवर बसवणे. त्यात समेट करणे या अर्थाचे दुसरे एक जुने क्रियापद मिसळले असावे, असे कोशकार मानतात. म्हणून भांडण मिटवणे, हिशेब चुकता करणे हे अर्थही त्याच शब्दात आले. सतराव्या शतकात त्याला 'मेंट' हा प्रत्यय लागून 'सेटलमेंट' हे नाम रूढ झाले आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत परमुलखातल्या वसाहतीलाही तोच शब्द लागला.

मूळ आणखी खोल जाते. इंग्रजी 'सिट', 'सीट' आणि संस्कृत 'सद्' ही एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. 'सद्' म्हणजे बसणे. त्याच्यापासून सदन, सभासद, परिषद, संसद, उपनिषद. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून 'सेशन' आणि 'प्रेसिडेंट' आले. प्रेसिडेंट म्हणजे पुढे बसणारा. ज्याला आपण मुंबई इलाखा म्हणतो त्याचे इंग्रजी नाव 'प्रेसिडेन्सी'. म्हणजे पुढे बसणाऱ्यांनी कायदा केला आणि कुंपणात बसवलेल्यांनी हजेरी दिली. संसद आणि सेटलमेंट हे शब्द एकाच गर्भातून आले. फरक एवढाच की एकीकडे माणूस आपण होऊन बसतो आणि दुसरीकडे त्याला बसवले जाते.

मराठीला हा फरक चांगला ठाऊक आहे. गादीवर बसतात, पंक्तीला बसतात. पण कर बसवतात, दंड बसवतात, जरब बसवतात. आमच्या वस्त्या गावकुसाबाहेर 'बसल्या' असे ग्रामवर्णनांत वाचायला मिळते. त्या बसवल्या गेल्या होत्या. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत. त्याला बसणे म्हणायचे की बसवणे?

हे सगळे पाप इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पुराणांत वेन राजाची कथा आहे. ऋषींनी मेलेल्या वेनाची मांडी घुसळली, तेव्हा तीतून काळा, ठेंगणा पुरुष निघाला. ऋषी त्याला म्हणाले, 'निषीद', म्हणजे खाली बस. त्यावरून तो निषाद झाला आणि रानावनातल्या लोकांचा मूळपुरुष ठरला. व्युत्पत्ती म्हणून ही कथा खरी की रचलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण रचणाऱ्यांच्या मनात काय होते ते लपत नाही. जन्मल्याबरोबर कानी पडलेला पहिला शब्द हुकूम होता आणि तो हुकूमच त्याची जात झाला. याच निषादांच्या कुळात पुढे एकलव्य येतो. 'निषीद' आणि 'सेटल' यांचे मूळ एक आहे. १८७१ चा कायदा करणाऱ्यांना इथली जमीन नांगरलेली मिळाली. जन्मावरून धंदा ठरतो हे इथल्या समाजाने आधीच मान्य केले होते, तेव्हा जन्मावरून गुन्हा ठरवणे त्यांना अवघड गेले नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकत्र ठेवून हिंदू संस्कृतीला जाब विचारला, तो याचसाठी. त्याआधी, १९२८ ते १९३० या काळात, मुंबई सरकारच्या ज्या समितीवर ते सभासद होते, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे सेटलमेंटचा कारभार पाहणारेच अधिकारी होते. बसवणाऱ्यांच्या शेजारी बसून बसवलेल्यांचा प्रश्न मांडणे काय असते, हे त्यांनी अनुभवले होते.

वाङ्मयाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, दोन्ही अभ्यासक्रमांत गेली. पण आपण ती शिकवतो कशी? 'भटक्या जीवनाचे दाहक दर्शन' असे एक ठरीव वाक्य आहे. ते प्रश्नपत्रिकेत असते, गाईडात असते, म्हणून उत्तरपत्रिकेतही असते. या वाक्यात भटकणे हा त्या माणसांचा स्वभाव ठरतो आणि सेटल होणे हा त्यावरचा उपाय. ज्याला कोठेच बसू दिले नाही तो उपरा, आणि ज्याला बळेच बसवले तो सेटलर, या एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत, हे त्या वाक्यात मावत नाही. स्थिर वस्ती म्हणजे संस्कृती आणि फिरती वस्ती म्हणजे संशय, ही प्रस्थापितांची मोजपट्टी आहे. ती आपल्या समीक्षेत शिरली आहे. माझ्या लाल शाईत तर ती होतीच.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कुंपण गेले, पण नोंदवहीची सवय गेली नाही. चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालावर पडते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, त्याने २००८ साली अहवाल दिला. स्वातंत्र्याला साठ वर्षे होत आल्यावरही या लोकांचे प्रश्न मोजायला आयोग नेमावा लागतो, यावरून कोण सेटल झाले आणि कोण नाही याचा हिशेब होतो.

आणि समेटाचा तो दुसरा अर्थ? तोही आपल्याकडे जिवंत आहे. अत्याचाराची फिर्याद नोंदली की गावातली वजनदार माणसे दारात येतात आणि म्हणतात, 'सेटलमेंट करून टाका.' येथेही वाक्याचा कर्ता तोच, बसवला जाणाराही तोच.

सेटल होऊ नका, असा उपदेश मी करणार नाही. पक्की नोकरी आणि डोक्यावर छप्पर यांची चेष्टा ज्यांना ती वारशाने मिळाली त्यांनी खुशाल करावी. आमच्या आईबापांनी त्यासाठी हाडे झिजवली आहेत. मागणे एवढेच आहे की हा शब्द उच्चारताना त्याचा कर्ता कोण, हे विचारावे. नोकरी लागल्यावर आपण बसलो, की गप्प बसवले गेलो? 'सद्'च्या कुळातला आणखी एक शब्द इंग्रजीत आहे, 'डिसिडेंट'. त्याचा मूळ अर्थ वेगळा बसणारा. आपण त्याला विद्रोही म्हणतो. खुर्ची मिळाल्यावरही माणसाला वेगळे बसता येते.

त्या विद्यार्थ्याच्या वहीत मी माझी दुरुस्ती खोडली आणि 'केले' पुन्हा लिहिले. त्याने वही पाहिली आणि विचारले, "सर, मग मार्क?" मी पूर्ण मार्क दिले. ते मी दिले असे म्हणवत नाही. ते त्याच्या पणजोबांनी हजेरी देऊन केव्हाच मिळवले होते.