अमावास्येच्या रात्रीचे छायाचित्र

उटनूर परिसरातील केसलापूर येथे पौष अमावास्येच्या रात्री मेस्राम कुळातील गोंड नागोबाची महापूजा करतात. तिच्यासाठी गोदावरीचे पाणी पायी जाऊन आणलेले असते. अलीकडे या पूजेची जी डिजिटल छायाचित्रे पाहावयास मिळतात, त्यांतील बहुतेकांत प्रत्येक चेहरा व प्रत्येक भिंत लख्ख दिसते. ती पाहून आम्हांस प्रश्न पडला : सारे दिसते आहे, मग अमावास्या कोठे गेली?

याच मुलखात मारलवाई येथे राहून हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात गोंडजीवनाची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. त्या काळी फिल्मपुढे रात्र ही मोठीच अडचण असे. मंद उजेडात झडप अधिक वेळ उघडी ठेवावी, तो तो फिल्मची प्रकाशग्रहणशक्ती क्षीण होत जाते. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या कोष्टकाप्रमाणे मापकाने १० सेकंद दाखविले तर प्रत्यक्षात ५० सेकंद द्यावे लागतात. १०० सेकंदांचे १२०० होतात! तेवढ्या अवधीत हालणाऱ्या माणसाचा धूर होतो. स्थिर समई तेवढी उरते.

डिजिटल संवेदकास हा दोष नाही. दुप्पट वेळात तो दुप्पट प्रकाश टिपतो. त्याचे दुखणे निराळे : तो तापतो आणि काळोखात रंगीत ठिपके उमटतात. म्हणून पुष्कळ कॅमेरे झडप मिटून तितकाच वेळ दुसरे चित्र घेतात व त्यातील ठिपके पहिल्यातून वजा करतात.

एवढ्यावरून फिल्म श्रेष्ठ, असा निवाडा आम्ही देणार नाही. तिचा मंदपणा ही मर्यादाच होती. तिला साधनेचे मोठेपण देणे बरे नव्हे. तथापि त्या मर्यादेमुळे अंधार आपोआप चित्रात राहत असे. आता तो राखावयाचा की पुसावयाचा, हे छायाचित्रकाराने ठरवावयाचे आहे. आणि आमची तक्रार त्या निर्णयाविषयी आहे.

आपल्या देवळांत गाभाऱ्याशी उभे राहिले असता प्रथम केवळ ज्योत दिसते. डोळे सरावले की मूर्ती हळूहळू प्रकट होते. दर्शनातील हा क्रम ज्याने अनुभवला आहे, त्याने ज्योतीचा आकार टिकेल इतकाच प्रकाश घ्यावा आणि उरलेले काळे राहू द्यावे. केसलापूरच्या रात्रीचे असे एखादे छायाचित्र पाहावयास मिळाले, तर ते कोणत्या कॅमेऱ्याचे, हे आम्ही विचारणार नाही.